रमजानात आमच्याकडे येणाऱ्या रेकॉर्डी

सध्या तुम्ही काय ऐकताय, असं मला कोणी विचारत नाही. रत्नागिरीत माणसं विचारतात ती यंदा मोहोर टिकला का, कणी धरली का, आणि तुझ्या गुडघ्याचं काय. उत्तरं देऊन देऊन मी कंटाळले. पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई संध्याकाळी मालिका बघत असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी मालिका बघत नाही. मी रेकॉर्डी ऐकते. काळ्या, ताटाएवढ्या, सुई लावून वाजवायच्या. तेव्हा न विचारताच सांगते, आणि आज सांगायला कारणही आहे.

परवा चंद्र दिसला आणि रमजान सुरू झाला. पालीच्या वरच्या कातळी सड्यावर आमची आंब्याची थोडी कलमं आहेत, तिथे कणी, म्हणजे मोहोरातली बारीक कैरी, अजून मिरीएवढीसुद्धा झालेली नाही. रमजान दरवर्षी थोडाथोडा अलीकडे सरकत येतो आणि आंबा बापडा जागच्या जागी. मला जे वर्ष सांगायचंय, त्या वर्षी रमजान ऐन आंब्यात आला होता. आमच्या पडवीत आढी लागलेली, घरभर वास, आणि पलीकडे शेजाऱ्यांकडे इफ्तारीची तळणी. आता रमजान आणि आंबा एकमेकांपासून इतके लांब गेलेत, की पुन्हा भेटतील तेव्हा बघायला मी असेन असं वाटत नाही. पण रमजान आला की मला पिकल्या आंब्याचा वास येतोच, मग बाहेर थंडी असो नाहीतर काही असो.

आधी रेकॉर्डींचं. सध्या माझ्या मशीनवर सगळ्यात जास्त असते ती सरोदाची. एका अख्ख्या बाजूवर नुसता मारवा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला भारी राग आला होता. बराच वेळ काही घडतच नाही, वाजवणारा आपला स्वरांच्या आजूबाजूने फिरतोय, षड्जावर यायचं नाव नाही. म्हटलं, अरे ये ना बाबा एकदाचा. आता मला तेच आवडतं. त्याला घाई नाही तर मला कसली आहे? मैफलीत केलेलं ध्वनिमुद्रण आहे, मधेच समोरचा कोणीतरी खोकतो. पूर्वी त्या खोकल्याचा वैताग यायचा. आता तो येईपर्यंत मी चहासुद्धा ठेवायला उठत नाही.

दुसरी मोंबासाची. व्हायोलिनं, अकॉर्डियन, ढोलकीसारखं काहीतरी, आणि खड्या आवाजात गाणारी एक बाई. शब्द एक कळत नाही. पण तिकडे म्हणे ही गाणी शेजारणीला टोमणे मारायला म्हणतात, लग्नात, भर मांडवात, त्या शेजारणीच्या समोर. हे समजल्यापासून मी ती रेकॉर्ड फार मन लावून ऐकते. तिचा सूर चढला की मला वाटतं, आता निघालं काहीतरी उणंदुणं. हा प्रकार समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला कसा लागला नाही याचंच नवल वाटतं. विषयांना आमच्या आळीत कधीच तोटा नव्हता.

मग एक ऊदाची आहे, बसऱ्याची. ऊद म्हणजे पोटाने फुगीर, मानेने आखूड असं तंतुवाद्य. एकटाच माणूस वाजवतो, मधे मधे थांबतो, आणि थांबला की त्याचा श्वास ऐकू येतो. एक ट्रम्पेटची आहे, युरोपातल्या कुठल्या तरी बंदरातली, नाचाच्या बॅंडची. तिच्यावर माझं प्रेम नाही, पण तिच्याबद्दल पुढे सांगायचंय. आणि एक आपली मराठी भावगीतांची. फोनवरही गाणी ऐकते मी, नाही असं नाही. पण फोन एका जागी बसू देत नाही, एक संपायच्या आत दुसरं पुढे करतो. रेकॉर्ड कशी, लावली की वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही तिची. उठायचं ते बाजू बदलायलाच.

यातली एकही रेकॉर्ड माझी नाही. सगळ्या कादरचाचाच्या. कादरचाचा आमचा शेजारी. खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर शेवटची दोन घरं, एक आमचं आणि एक त्यांचं, मधे जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा. मी याच घरात जन्मले, लग्न केलं नाही, त्यामुळे गडग्याच्या त्या बाजूला मी पन्नाशी उलटेपर्यंत पोरगीच राहिले. चाचा जहाजावर कुक होता. बाकीची माणसं आखातातून घड्याळं, अत्तरं, ब्लॅंकेटं आणत. चाचा रेकॉर्डी आणायचा. ज्या बंदरात उतरेल तिथली एक. मोंबासाच्या भाषेतले त्याला कांदा, मीठ आणि ‘उद्या या’ एवढेच शब्द येत, पण दुकानात जाऊन रेकॉर्ड वाजवून बघितल्याशिवाय त्याने घेतली नाही कधी. सुताराकडून त्याने फणसाच्या लाकडाचा खोका करून घेतला होता, रेकॉर्डी उभ्या राहतील असा. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून एकेक काढून मऊ फडक्याने पुसायचा आणि चाची दारातून म्हणायची, “माझी भांडी पण अशीच घासा एक दिवस.”

चाचीचं नाव मरियम. ती ह्या सगळ्याला वरवर हसायची. भावगीतांची ती रेकॉर्ड चाचाने मुंबईहून खास तिच्यासाठी आणली होती, निदान शब्द कळतील म्हणून. तिने एकदा पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “ही बाय सगळ्या गाण्यात कुणाची ना कुणाची वाटच बघतेय. मी दुसरं काय करते? त्यासाठी मशीन कशाला पायजे?” चाचा वर्षातून दोन महिने घरी असायचा तेव्हा, रमजान धरून. त्याने ती रेकॉर्ड खोक्यात मागे ठेवली.

आता रमजानची गोष्ट. चाचा एरवी दिवसातून दोनदा तरी मशीन लावायचा, पण रमजानात गाणंबजावणं बंद. हे त्याच्यावर कोणी लादलेलं नव्हतं, त्याचा स्वतःचा नेम. चंद्र दिसायच्या आदल्या दिवशी तो खोका उचलून आमच्याकडे आणायचा. मागून पुन्हा एक खेप, मशीनची. “अण्णा, अमानत हाय,” म्हणायचा. “घरात असली की हात जातो.” अण्णा, म्हणजे माझे वडील, खोका आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवायचे, वर धुतलेली चादर घालायचे. ईद झाली की चाचा न्यायला यायचा, मागून चाचीचा शीरखुर्म्याचा डबा. मी शाळेत होते तेव्हापासून हे चाललेलं. अण्णा गेल्यावर खोका माझ्या ताब्यात आला आणि मीही तेच केलं. भिंत, चादर, महिनाभर हात लावायचा नाही. अमानत म्हणजे अमानत.

आम्ही नुसती अमानत सांभाळत नव्हतो, आम्ही फार समंजस शेजारी होतो. रमजानात अण्णा आमचा रेडिओ इतका बारीक करायचे की बातम्या ऐकायला त्याला कान लावावा लागायचा. रोजा धरलेल्या घरात आपली गाणी कशाला? आणि पलीकडेही तसंच. श्रावणात चाची गडग्याकडच्या चुलीवर मासळी तळायची नाही, मागच्या दारी जाऊन तळायची, आमच्या घरात वास नको म्हणून. अण्णा श्रावण कडक पाळायचे. पण वासावर त्यांचा काही आक्षेप नव्हता, उलट त्या महिन्यात तेवढाच आधार झाला असता, असं ते आईला म्हणायचे. चाचीला मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नाही. असं कसं सांगणार?

तर ते वर्ष. आंबा उशिरा पण भरपूर आला होता. सड्यावरून टेम्पो यायचा, मी आणि कामाच्या दोघी बायका पडवीत भाताचा पेंढा पसरून आढी लावत होतो. एक थर आंबा, एक थर पेंढा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वास सुटतो, आणि तो गडगा काय मानतो? पलीकडे रोजे. मला वाईट वाटलं. बायकांना म्हटलं, आढी मागच्या पडवीत हलवू या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून चाचीचा आवाज आला, “राहू दे गो शैला. वास घेतल्याने रोजा मोडत नाय.”

आवाज आला, पण ती दिसली नाही, कारण ती झोपलेली होती. त्या वर्षी चाचीचं हृदय दुबळं झालं होतं. पायांवर सूज, चार पावलं चालली की धाप. डॉक्टरांनी रोजे धरायला साफ मनाई केली होती आणि तिला त्याचाच जास्त त्रास होत होता. चाचाने तिची खाट आमच्या बाजूच्या खिडकीपाशी लावून दिली होती, वारा लागतो म्हणून. इफ्तारीचं तळणसुद्धा आता चाचाच करायचा. शेवटी जहाजावरचा कुक तो. पण चाची पडल्या पडल्या त्याला सांगत असायची, आच बारीक कर.

एका दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसले. ती पेज पीत होती आणि मला बघून तिने वाटी ओढणीखाली घेतली. म्हणाली, “सगळे उपाशी आणि मी म्हातारी मिटक्या मारतेय.” मी म्हटलं, “आजारी माणसाला माफ असतं ना?” “माफ असतं. लाज कुठे माफ असते?” मग खिडकीतून आमच्या घराकडे बघत तिने विचारलं, “शैला, आमच्या रेकॉर्डी काय करतात गो तुझ्याकडे?”

“काय करतील? नीट ठेवल्यात. चादर घातलीय वरून.”

“वाजवत नाय तू?”

“छे. तुमची अमानत. आणि रमजानात कशा वाजवायच्या?”

“अण्णा पण नाय वाजवायचे?”

“अण्णा तर रेडिओसुद्धा बारीक करायचे.”

चाची हसायला लागली. धाप लागेपर्यंत हसली. मी पाठीवर हात फिरवला तेव्हा कुठे तिला बोलता आलं. “अगो बाय, नुसत्या ठेवायच्या असत्या तर माझ्या घरात कपाट नाय? कुलूप नाय? आणि मशीन कशाला पाठवली असती सोबत?”

ही युक्ती तिची होती. लग्न होऊन आली त्या पहिल्या रमजानात तिनेच चाचाला सुचवलं होतं, की पलीकडचे अण्णा गाण्याचे शौकीन, त्यांच्याकडे ठेवा. आपण लावायचं नाही, आपण मागायचं नाही. तळण तळताना पलीकडून थोडं कानावर आलं तर आलं. “तेवढाच वेळ जातो गो मगरिबपर्यंत. शेवटचा तास लय मोठा असतो.” आणि मग दरवर्षी ती तळणीपाशी कान देऊन बसायची, आणि दरवर्षी आमच्या घरात चिडीचूप. तिला वाटलं अण्णांना ह्या परदेशी रेकॉर्डी आवडत नसतील. विचारणार कसं? विचारलं म्हणजे मागितलंच की.

मी तिला म्हटलं, “आणि चाचाला ठाऊक आहे हे?”

“त्यांना नाय विचारायचं. हो कसं म्हणतील? रोजा हाय त्यांचा.” मग वाटी माझ्या हातात देत म्हणाली, “नाय पण म्हणणार नायत.”

त्या संध्याकाळी मी चादर काढली. दुपार उतरतानाची असरची नमाज होऊन गेली की सुरू करायचं आणि रोजा सोडायच्या अजानच्या बऱ्याच आधी थांबायचं, असं माझं मी ठरवलं. खिडकी सताड उघडली. पहिली कुठली लावावी ते सुचेना, म्हणून ट्रम्पेटची लावली. पडवीतल्या बायका आंबे हातात घेऊन उभ्या राहिल्या. पलीकडे काही हालचाल नाही. मग चाचीचा आवाज आला, क्षीण पण अगदी खुशीतला, “हां. हीच. हिच्यावर भजी बरी होतात.”

आणि मग तो महिना. रोज एक रेकॉर्ड. मला गाण्याचं वेड तोवर बेताचंच होतं. अण्णांनी रेडिओवर जे ऐकवलं ते ऐकलेली मी. ह्या खोक्याशी माझी ओळख चाचीमुळे झाली, तीही आंबे चाळता चाळता. आंबा हातात घ्यायचा, देठाशी दाबून बघायचा, पिकत आलेला वेगळा काढायचा, आणि कानात बसऱ्याचा तो माणूस श्वास घेतोय. आजही ऊद लावला की माझा अंगठा आपोआप दाबायला जातो. मोंबासाची बाई लागली की चाची पलीकडून मधेच काहीतरी जोड द्यायची. “आता सासूबद्दल बोलतेय ही,” म्हणायची, जसं काही तिला सगळं कळत होतं. मला तर वाटतं कळतच असावं.

मला भीती होती ती चाचाची. तळण उरकलं की तो पडवीत आरामखुर्चीत तस्बीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसलेला असायचा, आमच्याकडे पाठ करून. मी त्या पाठीकडे बघत राहायची. राग आलाय का? माझ्या ह्या आगाऊपणाने त्याचा नेम मोडतोय का? पाठ काही सांगायची नाही. एके दिवशी माझा वेळेचा अंदाज चुकला, मारवा ऐन रंगात आणि मगरिबची अजान सुरू झाली. मी धावत जाऊन सुई उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा गडग्यापाशी आला. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्याने पपई माझ्या हातात दिली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “ती म्हणत होती, काल ते सरोद अर्धं राहिलं.”

मग हे रोजचंच झालं. “ती म्हणते, आज तो ट्रम्पेटचा बाजा लाव.” “ती म्हणते, त्या ऊदाची दुसरी बाजू ऐकून लय दिवस झाले.” सगळं तीच म्हणायची. एकदा मी चाचीला म्हटलं, आज तुम्ही मागवला म्हणून सरोद लावतेय. ती म्हणाली, “मी? मी कधी मागवला?” आणि दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

ईद झाली. चाचा खोका न्यायला आला नाही, कारण ईदच्या दुसऱ्याच दिवशी चाचीला कोल्हापूरला हलवावं लागलं. ती परत आली, महिना-दीड महिना त्याच खिडकीत होती, पण गाणं ऐकायची ताकद राहिली नव्हती तिच्यात. मी लावू का विचारलं की हाताने नको म्हणायची. श्रावणात गेली. मी मातीच्या दिवशी त्यांच्या घरात बायकांत बसले होते आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या खाटेकडे जात होतं. मला फार रडू आलं. आई गेली तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, खरं सांगते.

थोड्या दिवसांनी मी चाचाला विचारलं, “रेकॉर्डी पाठवू का?” तो म्हणाला, “असू दे तिकडेच.” पुन्हा मी विषय काढला नाही.

आमच्यात शेजारी दुःख झालं की आपण रेडिओ मोठा करत नाही. वर्षभर तरी. मी वर्षभर मशीनवर चादर ठेवली. पण दुसऱ्या पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने रेकॉर्डी काढल्या, पुसल्या, आणि एक नीट वाजते का ते बघायला लावली. मग सुई काही मला उचलवेना. तेव्हापासून मी रोज ऐकते. पण त्या बाजूची खिडकी बंद करून. फटीत फडकं कोंबून, आवाज अगदी खाली. ज्या सुरांवर त्याची बायको हसली, ते सूर आता त्या माणसाच्या कानावर टाकणं मला क्रूरपणाचं वाटायचं. आणि चाचा तर घरात आहे की नाही कळू नये असा गप्प झाला होता. मासळी आली की गडग्यावर ठेवायचा, आंबे दिले की घ्यायचा, गुडघ्याचं विचारायचा. त्याचा मुलगा कुवेतहून फोन करतो, त्यालाही ‘हां, बरं हाय’ एवढंच. मला मनातून वाटायचं, ह्या माणसाने एकदा, एकदाच काहीतरी ऐकावं. पण ते माझ्या हातून, त्याला दुखवून नको. अशी वर्षं गेली. रमजान आंब्यातून निघाला, कैरीत आला, मोहोरात आला.

काल पहिला रोजा. असर झाल्यावर फाटक वाजलं आणि चाचा आत आला. पूर्वी खोका घेऊन यायचा तसाच, पायरीशी चपला काढून. हात रिकामे. चाची गेल्यापासून तो आमच्या घरात पाऊल टाकून बसला नव्हता. मी खुर्ची दिली. थकलाय फार, मनगटं बारीक झालीत. आतल्या खोलीच्या दारातून त्याला खोका दिसत होता, मशीन दिसत होती, मशीनवर रेकॉर्ड होती. लपवायला वेळच मिळाला नाही मला.

“ऐकतेस तू,” तो म्हणाला.

“ऐकते. बारीक आवाजात.”

“गेल्या आठवड्यात तुझं मागचं दार उघडं होतं. तेव्हा थोडं आलं. मला वाटत होतं तू ऐकणं सोडलंस.” मग खिडकीकडे हात करून म्हणाला, “ही बंद का असते?”

मी म्हटलं, “चाचा, तुम्हाला त्रास नको म्हणून. चाची गेल्यावर...”

“आमच्यात दुखवटा तीन दिवसांचा असतो गो. तू किती वर्षं धरलास?”

तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडेच बघत होता.

“ती गेली त्या महिन्यात मी माझी गादी तिच्या खाटेवर टाकली,” तो म्हणाला. “खिडकीपाशी. म्हटलं, आज लावेल, उद्या लावेल. घरी नेऊन मी लावलं असतं, पण माझा हात नाय जात. आणि तुला सांगायचं कसं? आधी तिच्या नावावर मागत होतो. आता कुणाच्या नावावर मागू?”

ह्यावर मी रडले. चाचा रडला नाही. त्याने मला रडू दिलं आणि मग म्हणाला, “मी गाणं लाव म्हणत नाय हां. रोजा हाय माझा. खिडकी का बंद, एवढंच विचारतोय.”

खिडकी उघडेना. खाऱ्या वाऱ्याने कडी पार धरली होती. मी खोबरेल आणलं, कडीवर सोडलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. चाचा खुर्चीतून सूचना देत होता, जहाजावरच्या सगळ्या गंजलेल्या कड्यांचा अनुभव असल्यासारखा. शेवटी बत्त्याने दोन ठोके दिले तेव्हा ती सुटली, आणि झडप उघडताना फटीतलं फडकं खाली पडलं. समोर गडगा, त्यापलीकडे त्याची खिडकी, खिडकीत खाट आणि खाटेवर घडी घातलेली चादर. इतक्या जवळ आहे ते, मी विसरूनच गेले होते.

मी म्हटलं, “बसा चाचा, लावते.”

“नको,” तो लगेच उठला. “हितं बसून ऐकलं तर लावल्यासारखंच झालं. मी घरी जातो.”

आणि तो गेला. पायऱ्या उतरला, चपला घातल्या, फाटक ओढून घेतलं, हळूहळू चालत त्यांच्या फाटकाकडे वळला. मी मशीनपाशी उभी राहून थांबले. त्याला किती वेळ लागेल ते बघत होते. पलीकडे दार वाजलं. मग खाट करकरली. मशीनवर कुठली रेकॉर्ड होती तेही मी बघितलं नाही. आवाज वाढवला, पूर्वी होता तेवढा, आणि सुई ठेवली.

मी सध्या काय ऐकते ते एवढं सविस्तर सांगितलं, पण काल ती अख्खी बाजू संपली तरी मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझे कान पलीकडे होते. सुरुवातीला तिकडून काहीच नाही. मग फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. चाचा खाट खिडकीच्या आणखी जवळ ओढत होता.